कऱ्हाड कां अडतें?

आपल्या भाषेवर आलेलें बालंट निस्तरण्याऐवजीं तें मुकाट्यानें कबूल करून मोकळें होण्याची एक संवय आम्हां मराठी सुशिक्षितांना जडली आहे. तिचा ताजा नमुना संगणकाच्या दालनांत पाहावयास मिळतो. मराठी अक्षरें असलेली एखादी आज्ञावली (तिला सर्वजण ‘कोड’ म्हणतात, आम्हीही म्हणूं) दुसऱ्या आज्ञावलीनें वाचावयास घेतली आणि ती मध्येंच अडली, कीं शिकविणारा, शिकणारा आणि यंत्र विकणारा हे तिघेही एकमुखानें निकाल देतात : यंत्राला मराठी चालत नाहीं, मराठी काढून टाका. हा निकाल खोटा आहे. ज्यांना वेतन ज्ञानाबद्दल मिळतें त्यांच्या तोंडीं तो शोभत नाहीं, असें आमचें म्हणणें आहे. आणि तें आम्ही आमच्या सातारा-सांगलीकडच्या गांवांच्या नांवांवरूनच सिद्ध करून दाखविणार आहों.

या दोन जिल्ह्यांतील एका महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीं पायथन भाषेंत लिहिलेले कोड तपासण्यासाठीं एक तपासनीस आज्ञावली ठेवलेली आहे. महाविद्यालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रकार कोठेंही घडण्यासारखा आहे. हा तपासनीस प्रत्येक विद्यार्थ्याची फाईल उघडतो, तिचा पदच्छेद करितो (‘पार्सिंग’ या शब्दाला व्याकरणांतील हा जुना शब्द चपखल बसतो), आणि गुण देतो. एकदां मुलांना आपापल्या पसंतीचे चार-पांच तालुके घेऊन त्यांच्या पावसाचें कोष्टक करावयास सांगितलें होतें. बहुतेकांच्या फाइली सुरळीत पार पडल्या. कांहीं थोड्यांवर मात्र तपासनीस अडला, आणि अमुक एक बाइट उलगडतां येत नाहीं असा शेरा मारून बसला. तो शेरा षोडशमान पद्धतींत असतो. दशमानांत सांगावयाचें तर तो बाइट १४१ क्रमांकाचा. त्या मुलांना शून्य मिळालें. शोध घेतां असें दिसलें कीं, अडलेल्या प्रत्येक फाइलींत ‘कऱ्हाड’ किंवा ‘महाबळेश्वर’ हें नांव देवनागरींत लिहिलेलें होतें. सातारा, वाई, मिरज, तासगांव लिहिणारीं मुलें सुटलीं. मग सूचना लागली, कीं कोडमध्यें यापुढें देवनागरी अक्षर लिहूं नये, लिहिल्यास गुण मिळणार नाहींत. एका शिक्षकांनीं त्यांतून एक तोडगाही काढला : ‘कऱ्हाड’च्या जागीं ‘कराड’ लिहावें, म्हणजे अडत नाहीं. आणि खरोखरच अडलें नाहीं!

येथें वाचकांना थोडें आंकड्यांत न्यावें लागेल. त्यांनीं कंटाळूं नये. सारें रहस्य त्या आंकड्यांतच आहे, आणि आम्हीं साहित्याच्या अध्यापकानें जे पडताळून पाहिले ते कोणालाही पडताळतां येतील. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, क्रमांक ओळखतो. ० ते २५५ पर्यंतचा एक क्रमांक म्हणजे एक बाइट. कोणत्या क्रमांकाला कोणतें अक्षर समजावयाचें याचा जो करार, त्याला वर्णसंकेत म्हणावें. जगांतील लिप्यांसाठीं एकच करार असावा म्हणून युनिकोडची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. तेव्हांपासून देवनागरीला त्यांत स्वतःचीं घरें आहेत. हीं घरें बाइटांत मांडण्याची ‘यूटीएफ-८’ नांवाची रीत केन टॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनीं १९९२ च्या सप्टेंबरांत न्यू जर्सींतील एका खानावळींत, ताटाखालच्या कागदावर जुळविली. या रीतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचें होतें. ‘सातारा’ या शब्दांत तीन व्यंजनें आणि तीन काने, म्हणजे सहा चिन्हें. एकूण बाइट अठरा. पहिला बाइट सदैव २२४, दुसरा १६४ किंवा १६५. तिसऱ्यावरून नेमकें चिन्ह ठरतें.

मुलांच्या फाइली या रीतीनेंच लिहिलेल्या होत्या. पायथनची तिसरी पिढी २००८ सालीं आली, तेव्हांपासून ती भाषा कोड चालवितांना यूटीएफ-८ च गृहीत धरिते. म्हणून मुलांचे कोड मुलांच्या यंत्रांवर बिनतक्रार चालत होते. परंतु तपासनिसानें ती फाईल कोड म्हणून न उघडतां साधा मजकूर म्हणून उघडली, आणि उघडतांना करार कोणता तें सांगितलेंच नाहीं. न सांगितल्यास त्या यंत्राचा जो स्थानिक रिवाज असेल तो लागू होतो. आणि ‘इंग्रजी (भारत)’ अशी निवड असलेल्या विंडोज यंत्रावर तो रिवाज ‘विंडोज-१२५२’ हा, म्हणजे पश्चिम युरोपचा असतो. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश इत्यादि भाषांच्या सोयीसाठीं केलेल्या या करारांत २५६ घरांपैकीं पांच घरें रिकामीं आहेत : १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. वाचणारा यांपैकीं एखाद्या घराच्या दारांत आला, कीं आंत कोणीच नाहीं असें पाहून तेथेंच थबकतो.

आतां गंमत पाहा. अक्षराचा पाय मोडण्याचें आपलें जें चिन्ह, त्या हलन्ताचा तिसरा बाइट नेमका १४१ आहे. ऱ्हस्व उकाराचा १२९, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७. सातारा जिल्ह्याचे ११ आणि सांगलीचे १०, असे एकंदर २१ तालुके घेतले, तर त्यांत जोडाक्षर असलेलीं नांवें दोनच निघतात, कऱ्हाड आणि महाबळेश्वर. आणि ऱ्हस्व उकार, ए, ऐ किंवा झ असलेलें एकही नाहीं. पलूस आणि खानापूर हे निव्वळ दीर्घ ऊकाराच्या पुण्याईनें तरले. कुंडल तालुक्याचें ठिकाण असतें तर तेंही अडलें असतें. किर्लोस्करवाडीची तीच गत. एखाद्या भाविक विद्यार्थ्यानें फाइलीच्या शिरोभागीं ‘श्री’ लिहिलें तर दुसऱ्याच चिन्हावर विघ्न, आणि ‘ॐ’ लिहिला तर पहिल्यावरच, कारण त्याचाही तिसरा बाइट १४४!

असें असतां यंत्राला मराठी चालत नाहीं हा सिद्धांत कोठें राहिला? मराठी चालत नसती तर फलटण आणि कवठेमहांकाळ कसे चालले? खरें पाहतां तेही चालले नाहींत, आणि आमच्या मतें या प्रकरणांतील सर्वांत वाईट गोष्ट हीच आहे. ‘सातारा’चे अठरा बाइट तपासनिसानें अठरा युरोपीय चिन्हें म्हणून वाचले : डोक्यावर तिरपी रेघ दिलेला रोमन ‘ए’, मग चलनाचें एक चिन्ह, मग भलतेंच कांहीं तरी, पुन्हां तोच ‘ए’, तेंच चलन, अशी माळ. टीपेंतल्या शब्दाची अशी दशा झाली तर कोडाच्या चालण्यांत फरक पडत नाहीं, म्हणून कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं. पण तपासनीस ज्या नोंदी ठेवतो त्यांत हींच विद्रूप नांवें जाऊन बसलीं. अडलेल्या दोन तालुक्यांपेक्षां न अडलेल्या एकोणीस तालुक्यांची आम्हांस अधिक काळजी वाटते. जो अडतो तो निदान प्रामाणिकपणें ओरडतो.

या दुखण्यावर जीं औषधें सांगितलीं जातात तीं दुखण्याहून भयंकर आहेत. पहिलें औषध सूचनाफलकावरचें. तपासनीस सदोष, कोड निर्दोष, आणि शून्य मात्र मुलाला. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार विद्यालयांत घडावा याचें आम्हांस विशेष वाईट वाटतें. दुसरें औषध अधिक चतुर. फाईल उघडतांना ‘चूक दिसल्यास दुर्लक्ष कर’ अशी सवलत देतां येते. ती दिली, कीं शेरा बंद होतो, यंत्र हंसतमुख होतें आणि शिक्षक घरीं जातो. पण झालें काय? रिकाम्या घरांचे बाइट तपासनिसानें गिळून टाकले. विद्रूप झालेली माळ उलट दिशेनें उलगडून मूळ नांव परत मिळवितां आलें असतें. आतां तेथें हलन्त होता कीं ऱ्हस्व उकार होता हें अटकळीनें ठरवावें लागणार. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची पेशवाईंतील कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या हळहळून सांगतों. त्या कथेंत निदान कोणी तरी लेखणी हातांत घेऊन अक्षर बदललें होतें. येथें ‘ध’ गेला आणि ‘मा’ही आला नाहीं, आणि ज्यानें तो घालविला त्याला आपण कांहीं केलें असें वाटतही नाहीं.

तिसरें औषध ‘कराडा’चें. बोलण्यांत आणि पाट्यांवर ‘कराड’ रूढ आहे हें आम्ही जाणतों, आणि ज्यांना तें आवडतें त्यांच्याशीं आमचा तंटा नाहीं. परंतु हें नांव प्राचीन ‘करहाटका’पासून आलेलें, त्यांतला हकार ठेवावा कीं सोडावा हें त्या गांवच्या लोकांनीं, भाषेच्या अभ्यासकांनीं, फार तर सरकारनें ठरवावें. कोणी एकानें आपल्या आज्ञावलीच्या एका ओळींत एक शब्द लिहिण्याचा आळस केला, म्हणून दोन हजार वर्षांच्या गांवानें आपलें नांव बदलून घ्यावें, हें अंगरखा आंखूड झाला म्हणून हात छाटण्यासारखें आहे.

कोडाची भाषा मुळांत इंग्रजीच; मग मराठीचा हा हट्ट कशाला, असें विचारणारे आम्हांस पुष्कळ भेटतात. इंग्रजीच्या अध्यापनावर आमचें आजवर पोट भरलें आहे; तिच्याशीं आमचें वैर असण्याचें कारण नाहीं. आज्ञांचे शब्द इंग्रजी राहोत. पण कोडांत आज्ञांखेरीज मजकूरही असतो. त्यांत माणसांचीं नांवें असतात, गांवांचीं असतात, पिकांचीं असतात. आणि अमुक ओळ अशी कां लिहिली हें मागून येणाऱ्याला सांगणाऱ्या टीपा असतात. सातबाराचा उतारा छापणारें कोड इंग्रजी आज्ञांनीं खुशाल चालो. उताऱ्यावरचें नांव रोमन लिपींत कसें छापाल? एम, ए, एल, ए या चार रोमन अक्षरांत ‘मला’, ‘मळा’, ‘माळा’ आणि ‘माला’ हे चारी शब्द कोंबलेले आहेत. उसाचा मळा आणि घराचा माळा यांतला भेद ज्याला नको असेल त्यानें रोमन लिहावें. टीपांचें तर याहून सोपें आहे. टीप लिहावयाची ती विचार उघड करण्यासाठीं. जी भाषा अर्धीमुर्धी येते तींत लिहिलेली टीप विचार झांकण्याच्या कामीं येते. असल्या इंग्रजी टीपा आम्हीं गठ्ठ्यांनीं वाचल्या आहेत, आणि त्यांतून त्या मुलाला काय म्हणावयाचें होतें तें आम्हांस, इंग्रजीच्या अध्यापकास, कळलेलें नाहीं.

यंत्रासाठीं लिपीनें वांकावें ही मागणी नवी नव्हे. साताऱ्यास १८८५ सालीं जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनीं नागरी लिपीच्या सुधारणेची जी खटपट केली, किंवा सावरकरांनीं ‘अि, अी, अु’ अशा बाराखडीचा जो पुरस्कार केला, त्यामागें छापखान्याच्या खिळ्यांची आणि टंकयंत्राची अडचण होती. ती अडचण खरी होती. देवनागरी जुळविणाऱ्याला शेंकडों खिळे हाताशीं ठेवावे लागत, आणि टंकयंत्राच्या पट्टीवर तितक्यांना जागाच नसे. १९५३ च्या लखनौच्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटी डावीकडून उजवीकडे नेण्याचें ठरविलें. लोकांना तें रुचलें नाहीं, आणि कांहीं वर्षांत तें मागें घ्यावें लागलें. त्या सुधारकांशीं कोणाचा मतभेद असो. त्यांना खिळ्याचें वजन ठाऊक होतें आणि ते बोलले तें यंत्र जाणून बोलले. आजच्या यंत्राला हलन्त आणि रोमन ‘ए’ यांत कष्टाचा कांहीं फरक नाहीं. आजचे सल्लागार मात्र यंत्र न जाणतां यंत्राचा कैवार घेतात. मिरजेस १८०५ सालीं गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरें कोरून भगवद्गीता छापली गेली. ‘क्षेत्रज्ञ’ हा शब्द कोरावयास जड जातो, सबब तो गीतेंतून वगळावा, असें त्या वेळीं कोणीं सुचविल्याचें ऐकिवांत नाहीं.

जपान्यांचें उदाहरण याहून बोलकें आहे. त्यांच्या ‘शिफ्ट-जिस’ नांवाच्या जुन्या वर्णसंकेतांत कांहीं चित्राक्षरांचा दुसरा बाइट ९२ असे. आणि ९२ म्हणजे रोमन करारांतील उलटी तिरपी रेघ. ‘कोष्टक’ या अर्थीं येणारें रोजच्या वापरांतलें चित्राक्षर त्यांतलेंच एक. सी भाषेच्या कोडांत एका ओळीची टीप या अक्षरानें संपली, तर न जाणणारा संकलक ती रेघ समजून पुढली ओळही टीपेंत ओढून घेई, आणि त्या ओळींतली आज्ञा कोणाला न कळतां नाहींशी होई. विद्रूप झालेल्या अक्षरांना ‘मोजिबाके’ हें नांव जपान्यांनींच दिलें. तें आतां जगभर चालतें. पण म्हणून त्यांनीं टीपा जपानींत लिहिणें सोडलें नाहीं. आपली स्थिति त्यांच्याहून किती तरी सोपी आहे. यूटीएफ-८ मध्यें देवनागरीचा एकही बाइट १२८ च्या खालीं जात नाहीं. कंस, अवतरणचिन्हें, रेघा हीं सारीं १२८ च्या खालचीं. त्यांची आणि आपल्या अक्षरांची गांठच पडत नाहीं. ज्या धोक्याशीं जपानी वर्षानुवर्षें झगडले तो आपल्या वांट्याला आलेलाच नाहीं, आणि तरी शस्त्रें खालीं ठेवण्याची घाई आपल्यालाच!

मग करावें काय? अडलेल्या तपासनिसापुरता उपाय एका शब्दाचा आहे; फाईल उघडतांना ‘यूटीएफ-८’ एवढें सांगणें. त्याहून चांगलें म्हणजे कोडाची फाईल मजकूर म्हणून उघडूंच नये. तिचे बाइट जसेच्या तसे पायथनच्याच पदच्छेदकाच्या हवालीं करावे. कोडाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या ओळींत आपला वर्णसंकेत जाहीर करण्याची सोय त्या भाषेंत २००३ सालच्या २.३ या आवृत्तीपासून आहे, आणि बाइट हातीं आल्यास पदच्छेदक ती घोषणा स्वतः वाचतो. मजकूरच हवा असेल तर ‘टोकनाइझ’ या विभागांतलें उघडण्याचें साधन तेंच काम करितें. कांहीं फाइलींच्या आरंभीं २३९, १८७, १९१ असे तीन बाइट चिकटलेले आढळतात. यूटीएफ-८ म्हणून जतन केलेल्या फाइलीवर जुनें नोटपॅड ही मुद्रा उमटवीत असे. २०१९ पासून तें आपण होऊन उमटवीत नाहीं. मजकूर म्हणून उघडलेल्या फाइलींत ही अदृश्य मुद्रा पहिल्या अक्षराआधींच उभी राहते आणि पदच्छेदक तिला हरकत घेतो. बाइट दिले तर तो तिला ओळखून बाजूस सारतो. विद्रूप माळ दिसली तर घाबरूं नये, बाइट शाबूत असल्यास ती परत उलगडते. घाबरावें तें प्रश्नचिन्हांची रांग दिसल्यावर. तेथें प्रत्येक चिन्हाच्या जागीं ६३ हा एकच बाइट उरलेला असतो, आणि त्यांतून कऱ्हाड काय किंवा कोरेगांव काय, कांहींच परत येत नाहीं.

भाषा घडविणारेही याच मार्गानें चालले आहेत. जावानें २०२२ सालच्या १८ व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हाच न सांगतां धरावयाचा करार केला. पायथननें साधी फाईल उघडतांनाही तसेंच करावयाचें ३.१५ या आवृत्तीपासून ठरविलें. म्हणजे ज्यांच्या नांवानें आमचे शिक्षक मराठीला बंदी करितात, त्यांनीं दोष कोणाचा हें केव्हांच कबूल केलें आहे.

येथवर दोष शिक्षकांच्या पदरीं टाकला. पण मराठीच्या कैवाऱ्यांचे हातही स्वच्छ नाहींत. श्रीलिपि, आकृति, कृतिदेव असल्या जुन्या फाँटांवर आमच्या छापखान्यांनीं वर्षानुवर्षें मजकूर जुळविला. त्यांत मराठीला स्वतःचीं घरें नसून परक्यांच्या घरांवर नुसत्या मराठी पाट्या ठोकलेल्या असतात. असली फाईल कोणत्याही तपासनिसाला अडवीत नाहीं. फाँट काढून घेतला, कीं खालीं निरर्थक खुणांचा ढीग उरतो. आणि तो मराठी आहे असें यंत्राला सांगणारें त्यांत कांहींही नसतें. याच्या उलट वाईच्या विश्वकोशाचे खंड युनिकोडमध्यें महाजालावर आले, म्हणून आज कोणाही विद्यार्थ्याच्या आज्ञावलीला ते वाचतां येतात, त्यांत शब्द शोधतां येतो.

आणि युनिकोड घेऊनही एक गांठ उरतेच. ‘कऱ्हाडा’तला अर्धा र दोन रीतींनीं लिहिला जातो. एक रीत नुक्ता दिलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडण्याची, दुसरी साध्या ‘र’ला हलन्त जोडून त्यापुढें एक अदृश्य सांधा घालण्याची. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’ एकच दिसतात. यंत्राच्या लेखीं ते दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि युनिकोडचे समरूपीकरणाचे नियम लावले तरी एक होत नाहींत. यादींत शोधावयास गेलें तर एक सांपडतो, दुसरा दडून राहतो. पायथनमध्यें दुसऱ्या रीतीनें लिहिलेला शब्द चलाचें नांव म्हणून दिला तर अदृश्य सांध्यावर ती भाषा आक्षेप घेते. जावास्क्रिप्ट घेत नाहीं. ‘ॲ’चेंही असेंच. त्याला स्वतंत्र घर २००८ सालीं ५.१ या आवृत्तींत मिळालें. त्यापूर्वीं ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत, आणि तीं दोन्ही रूपें आज एकमेकांत मिसळलेलीं आहेत. अर्ध्या र बद्दल युनिकोडच्या ग्रंथाचा कौल स्पष्ट आहे : पहिलें रूप मुख्य, दुसरें जुन्या २.० या आवृत्तीशीं मेळ राहावा म्हणून चालूं ठेवलेलें. कळफलक करणाऱ्यांनीं पहिलेंच रूप उमटवावें, आणि जुन्या याद्यांतील दुसरें रूप पहिल्यांत बदलून देणारी एक लहानशी आज्ञावली शासनानें सर्व कचेऱ्यांना पुरवावी. ती लिहावयास आमच्याकडील द्वितीय वर्षाच्या मुलाला एक दुपार पुरे. मात्र तींत त्याला देवनागरी अक्षरें लिहूं द्यावीं लागतील.